तांडेलबाईंची खिडकी

यमुना तांडेल मासे तळायला घेताना आधी स्वयंपाकघराची खिडकी उघडत. इतर लोक बंद करतात. बडोद्याच्या फतेगंजमधल्या आमच्या सोसायटीत बारा घरं होती, आणि या एका खिडकीवरून त्या बारा घरांच्या पुनर्बांधणीचा करार जवळजवळ वर्षभर अडून राहिला. मी त्यांच्या समोरच्या घरात भाड्यानं राहत होते. भाडेकरूला मत नसतं, सही नसते. सभेत बसायला खुर्ची मिळते आणि सगळं दिसतं. वर्तमानपत्राच्या कचेरीत दुसऱ्यांनी आणलेल्या बातम्या नीट करण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला एवढं पुरतं.

बाई उंचीला बेताच्या, खांद्यांना रुंद. केस तलावातल्या औषधाच्या पाण्यानं तांबूस झालेले. महापालिकेच्या तरणतलावावर बायकांच्या तुकडीला त्या पोहायला शिकवत. तिथे त्यांना सगळे तांडेल मॅडम म्हणत, सोसायटीतली मराठी घरं तांडेलबाई म्हणत आणि गुजराती शेजारी जमनाबेन. तिन्ही हाकांना त्या ओ देत. "तुम्ही वलसाडकडच्या तांडेल का?" असं कोणी विचारलं, तरच थांबून उत्तर मिळे. "नाही. मालवण." पुढे काही नाही. विचारणाऱ्यानं पुढचं ओळखून घ्यायचं.

नवरा खताच्या कारखान्यात होता म्हणून त्या बडोद्याला आल्या. नवरा गेला, मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, बाई राहिल्या. "समुद्र नसलेल्या गावात कशा रमलात?" असं मी एकदा विचारलं होतं. "रमायला कोण आलंय? राहायला आले," असं उत्तर आलं.

गळ्यात शिटी असे, पण ती कधी वाजलेली कोणी ऐकली नाही. "शिटी कुत्र्याला. बायकांना मी हाक मारते." ती हाक तलावाच्या भिंतीबाहेर चहाच्या टपरीपर्यंत जाई. शिकवण्याची रीत उलटी होती. इतर शिक्षक आधी काठ धरून पाय मारायला लावत. बाई आधी पाण्यावर उताणं पडून राहायला शिकवत. ते जमेपर्यंत हात हलवायचा नाही, पाय हलवायचा नाही. कोणी घाबरून धडपडू लागलं, की त्या मानेखाली एक हात लावून म्हणत, "पाण्याशी भांडू नका. त्याला सवड आहे, तुम्हाला नाही. पडून राहा. पडून राहिलेल्या माणसाचं कोणी काही करू शकत नाही."

एका उन्हाळ्यात मुलांच्या स्पर्धेच्या सरावासाठी बायकांची सकाळची वेळ रद्द झाल्याची सूचना दारावर लागली. बाईंनी ती वाचली, दार उघडलं आणि रोजच्यासारखी तुकडी पाण्यात उतरवली. मुलांचे प्रशिक्षक आले तेव्हा तलावभर बायका उताण्या तरंगत होत्या. कोणी बोलत नव्हतं, कोणी हलत नव्हतं. प्रशिक्षकांनी ओरडून बाहेर यायला सांगितलं. दुसऱ्यांदा जास्त जोरात सांगितलं.

"त्यांना ऐकू येत नाही," तांडेलबाई काठावरून म्हणाल्या.

"का?"

"कान पाण्यात आहेत."

दुसऱ्या दिवशी तेच झालं, तिसऱ्या दिवशीही. मग दारावरची सूचना काढली गेली. ही हकिगत मला तलावावरच्या पहारेकऱ्यानं सांगितली. नंतर मी बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "त्यात काय? शिकवलेलं करून घेतलं."

मासे त्या बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी आणत. बडोद्याच्या बाजारात मासळी वेरावळकडून बर्फात येते. त्या मासळीला त्या पेन्शनर म्हणत. "नोकरी झालेली आहे. आता फक्त मान द्यायचा." तरी आणत, कापत, मीठ-हळद-कोकम लावून ठेवत, आणि बारा वाजता खिडकी उघडत. बांगड्याचा वास आधी जिन्यात यायचा, मग गच्चीवर जायचा. पहिल्याच भेटीत मी भाबडेपणानं विचारलं होतं, खिडकी बंद ठेवली तर शेजाऱ्यांची कुरकुर कमी होणार नाही का?

"खिडकी लावून खायला मी चोर आहे का?"

खिडकी लावून खाणारी घरं सोसायटीत होती. तिसऱ्या मजल्यावरचे कदम रेल्वेतून निवृत्त झालेले, साताऱ्याकडचे. रविवारी त्यांच्याकडे कोंबडी शिजे. त्या दिवशी त्यांच्या खिडक्या बंद, दार बंद, आणि दाराच्या फटीतून उदबत्तीचा दाट धूर येई. सोसायटीत उदबत्तीवरूनच कदमांचा रविवार ओळखत. कदमांना मात्र आपण काय खातो ते कोणाला ठाऊक नाही अशी खात्री होती.

विश्वामित्रीला पूर आला त्या वर्षीची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढे सभेत तिचा उल्लेख होणार आहे. तळमजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी हसमुखभाई राहत. बँकेतून निवृत्त झालेले, नेमके, हळू बोलणारे, कांदा-लसूणही न खाणारे. त्यांच्या पत्नी सरलाबेन यांचा पाय तेव्हा प्लास्टरमध्ये होता. पहाटे पाणी अंगणात आलं आणि बघता बघता कमरेएवढं झालं. तळमजल्याच्या दारापासून जिन्यापर्यंतचं अंगण ओलांडायचं होतं. हसमुखभाईंना एकट्यानं ते जमेना. वरच्या गॅलऱ्यांतून माणसं "मगर! मगर!" म्हणून ओरडत होती. बडोद्यात पुराच्या पाण्यात मगर असते, ही अफवा नसते.

तांडेलबाई साडी खोचून खाली उतरल्या. कपडे धुवायचा मोठा प्लास्टिकचा टब त्यांनी पाण्यावर ढकलत नेला, त्यात सरलाबेनना बसवलं आणि छातीनं रेटत जिन्याकडे आणलं. वरून पुन्हा ओरड झाली. बाईंनी मान वर केली. "असेल तर असू दे! तिचंही घर बुडलंय. तुम्ही ओरडू नका, ही बाई हलते आणि टब डुलतो."

पाणी उतरेपर्यंत ते दोघं तांडेलबाईंकडेच राहिले. सरलाबेन नंतर सर्वांना सांगत, की जमनाबेननं आमच्यासाठी घरात मासा आणला नाही. हे ऐकून बाई म्हणाल्या, "तुमच्यासाठी नाही. बाजार बुडाला होता."

मग पुनर्बांधणीचा प्रस्ताव आला. इमारत जुनी, प्लास्टर सुटत चाललेलं, लिफ्ट नाही. बिल्डर मोठी घरं देणार होता. कराराचा मसुदा गच्चीवरच्या सभेत हसमुखभाईंनी वाचून दाखवला. शेवटाकडे एक कलम होतं: नव्या इमारतीत मांसाहारी पदार्थ शिजवण्यास व साठवण्यास मनाई राहील. काही सभासदांनी ते सुचवलं होतं. त्यामुळे वरची घरं लवकर विकली जातील, असं बिल्डरच्या माणसाचं म्हणणं होतं. कराराला सगळ्यांच्या सह्या हव्या होत्या. अकरा घरांची संमती त्याच सभेत झाली, कदमांचीही. "आम्ही काय, बाहेर खातो," असं कदम कोणी न विचारता म्हणाले.

तांडेलबाईंनी सांगितलं, कलम काढा, मग सही करते.

दुसऱ्या मजल्यावरचा केतन जागांच्या दलालीत होता, आणि कलम सुचवणाऱ्यांत पहिला. तो म्हणाला, "मासी, नियम सगळ्यांसाठी आहे."

"नियम सगळ्यांसाठी. सोडायचं मी एकटीनं."

"पण वास येतो ना, जमनाबेन," हसमुखभाई समजुतीच्या सुरात म्हणाले.

"येतो. तुमच्या हिंगाचाही येतो. मी कधी करारात घातला नाही."

थोडं हसू झालं. हसमुखभाई हसले नाहीत. त्यांना खरंच तोडगा हवा होता. पावसात त्यांच्या छतातून पाणी गळत होतं आणि पत्नीला तळमजल्यावरच्या ओलीनं दमा सुरू झाला होता. लिफ्ट, कोरडं घर, वरचा मजला, सगळं या एका सहीमागे थांबलं होतं. बाईंनाही ते माहीत होतं. नवं घर त्यांनाही हवं होतं. जिना चढताना त्यांचा डावा गुडघा बोलायचा आणि त्या प्रत्येक मजल्यावर थांबायच्या. सही केली तर घर मिळणार, पण त्यात चूल त्यांची राहणार नाही. सही नाही केली, तर या पडक्या घरात एकटीनं, अकरा घरांचा राग सोसत राहायचं.

"हसमुखभाई," त्या म्हणाल्या, "ज्याला मनाई करताय ते तुम्ही कधी बघितलंय का? बाजारातलं नाही. माझ्या गावातलं. चला मालवणला. बंदर बघा. परत आल्यावर हेच कलम मला मोठ्यानं वाचून दाखवा. तेव्हा तुमच्याच्यानं वाचवलं, तर पुढचं बोलू."

हसमुखभाईंनी ही बोलणीची अट समजून मान डोलावली. सरलाबेनना ती सहल वाटली. समुद्रातला किल्ला बघायचाय, असं त्या म्हणाल्या आणि बेत ठरला. मलाही बाईंनी बरोबर घेतलं. "तू चल. उद्या कोणी वेगळं सांगायला नको."

गाडीत थेपले, सुकी भाजी आणि कैरीचा छुंदा होता. तीन दिवस पुरेल एवढा खाऊ सरलाबेननी डब्यांत भरला होता, कारण मालवणात आपल्याला काही खाता येणार नाही याची त्यांना खात्री होती. कुडाळला उतरून रिक्षानं आम्ही मालवणला पोहोचलो. तांडेलबाईंच्या भावाचं घर किनाऱ्याला लागून, माडांत. वहिनींनी आल्याबरोबर माळ्यावरून पितळी भांड्यांचा संच उतरवून सरलाबेनसमोर ठेवला.

"ह्या गणपतीचा भांडा. ह्येका मासो कधी लागलो नाय."

सरलाबेनना मालवणी येत नव्हती. भांड्यांची चकाकी बघून त्यांना कळलं. त्या भांड्यांत घावने झाले, नारळाचा रस झाला, काळ्या वाटाण्याची उसळ झाली. थेपल्यांचे डबे उघडले ते परतीच्या गाडीत.

पहिल्या संध्याकाळी बाईंनी आम्हांला बंदरावर नेलं. समोर पाण्यात किल्ला, त्याच्या तटावर शेवटचं ऊन, अलीकडे नांगरलेल्या होड्या. धक्क्यावर बायका पाट्या मांडून बसलेल्या. एकीकडे बोली चालू, दुसरीकडे बर्फ फुटत होता, आणि सगळ्याला धरून तो वास. हसमुखभाईंनी रुमाल नाकाला लावला.

"नाकावर ठेवा, हरकत नाही," बाई म्हणाल्या. "डोळ्यांवर ठेवू नका."

पाट्यांवर बसलेल्या बायका तांडेलबाईंना ओळखत होत्या. एकीनं विचारलं, "यमने, ह्ये कोण?" बाई म्हणाल्या, "माका मासे खाव नको सांगणारे." विचारणारीनं हसमुखभाईंकडे नीट पाहिलं, पाटीतला एक बांगडा उचलून त्याचे लाल कल्ले दाखवले आणि म्हणाली, "ह्येंका दाखव. ताजो असा." तिच्या समजुतीनं तक्रार एवढीच असू शकत होती.

मुख्य घटना दुसऱ्या सकाळी घडली. हसमुखभाई रोज सकाळी चालत. पांढरे कॅनव्हासचे बूट आणि पांढरी टोपी घालून ते किनाऱ्यावर गेले. तिथे रापण चालू होती. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. त्याच्या एका दोरीचं टोक किनाऱ्यावर ठेवून होडी समुद्रात मोठा वळसा घालते आणि दुसऱ्या दोरीचं टोक लांब, दुसऱ्या ठिकाणी आणून देते. मग दोन रांगा दोन दोऱ्या ओढत ओढत एकमेकींकडे सरकतात. मी आणि तांडेलबाई वाळूवर बसून बघत होतो. रांगेत म्हातारे होते, कॉलेजला जाणारी मुलं होती, पदर खोचलेल्या दोन बायका होत्या. ओढणाऱ्यांपैकी एक म्हातारा दम लागून बाजूला बसला. दोरी मागे सरकली. बाकीच्यांच्या टाचा वाळूत रुतल्या.

हसमुखभाई पुढे गेले आणि त्यांनी ती मोकळी जागा धरली.

कोणी बोलावलं नव्हतं. दोरी सुटतेय आणि आपण उभे आहोत, एवढंच त्यांनी पाहिलं असावं. ते बराच वेळ ओढत होते. टोपी मागे सरकली, बूट ओले झाले. शेजारचा मुलगा त्यांना दोरी कमरेला कशी टेकवायची ते दाखवत होता. तांडेलबाई जागच्या उठल्या नाहीत.

जाळं वर आलं तेव्हा वर घारी आल्या, खाली कुत्रे आले. वाळूवर बांगडे आणि तारल्या उड्या मारत होत्या. वाटप सुरू झालं. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे. दोरीला हात लावलेला माणूस रिकामा परत जात नाही, असा तिथला रिवाज आहे. मघाशी दम लागलेला म्हातारा उठला, त्यानं ओंजळभर बांगडे आणून हसमुखभाईंच्या बुटांसमोर ठेवले.

"घेवा. तुमचो वाटो."

हसमुखभाई दोन पावलं मागे सरले. "नहीं, नहीं."

म्हाताऱ्यानं ढिगाकडे पाहिलं. वाटा कमी वाटला असणार, दुसरं कारण काय? त्यानं आणखी दोन बांगडे आणून ठेवले.

"नहीं भाई, नहीं!" हसमुखभाईंनी दोन्ही हात हलवले.

म्हातारा वळला. टोळीतल्या माणसांशी काहीतरी बोलला. पाहुण्यानं खूप ओढलं, असं एकजण म्हणाला. आणखी एक ओंजळ आली. वाटा आता चांगलाच मोठा झाला होता, आणि हसमुखभाईंच्या प्रत्येक नकारानं वाढत होता. त्यांनी चारी बाजूंना पाहिलं आणि हाक मारली, "जमनाबेन!"

बाई सावकाश उठल्या, वाळू झटकली, जवळ गेल्या. "आणखी एकदा नाही म्हणा. अख्खं जाळं देतील."

"एमने कहो ने, हुं नथी खातो."

हे मासे खात नाहीत, असं बाईंनी सांगितलं. म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं. त्याला यात अडचण दिसली नाही.

"खाव नकात. कोणाकय देवा. पण घेवा. दोरी धरलात, म्हणजे वाटो इलो."

"काय म्हणतात?"

"म्हणतात, खाऊ नका. पण दोरी धरलीत, तर वाटा तुमचा. त्याला नाही म्हणता येत नाही." मग बाईंनी स्वतःचं जोडलं. "तुम्ही काय खाता ते इथे कोणी विचारत नाहीये, हसमुखभाई. तुम्ही ओढलंत का, एवढंच विचारतात."

मग हसमुखभाईंनी डोक्यावरची पांढरी टोपी काढली, उलटी केली, खाली बसले आणि एकेक बांगडा शेपटीला चिमटीत धरून टोपीत ठेवला. टोपी भरली. राहिलेले मासे बाईंनी ओच्यात घेतले. घरापर्यंत ते टोपी दोन्ही हातांनी अंगापासून लांब धरून चालत गेले आणि त्यांनी ती वहिनींच्या हातात दिली. त्या दुपारी ओटीवर ते घावने खात होते आणि आत माजघरात त्यांचा वाटा तांडेलबाई खात होत्या. मधला दरवाजा उघडा होता. तो लावा, असं कोणी म्हणालं नाही.

परतीच्या गाडीत ते तळहात बघत होते. दोन फोड आले होते. "वास जतो नथी," ते बाईंना म्हणाले.

"कोकम चोळा. जाईल."

कलम वाचून दाखवण्याचा विषय त्या गाडीत कोणी काढला नाही.

इथे गोष्ट संपली असती तर ती शाळेच्या पुस्तकात गेली असती. बडोद्याला आल्यावर पंधरवड्यात हसमुखभाई तोडगा घेऊन वर आले. मी तिथेच होते. तोडगा असा, की कलम राहील, पण त्यात एक ओळ घालू: श्रीमती तांडेल यांना त्यांच्या हयातीपर्यंत सूट. केतनला त्यांनी कसंबसं तयार केलं होतं. आपण बरंच मिळवलं, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"नको," बाई म्हणाल्या.

"पण जमनाबेन, तुम्हाला पाहिजे तेच—"

"मला सूट नको. सूट म्हणजे परवानगी. आज दिली ती उद्या काढता येते. आणि माझ्यामागून माझी मुलगी या घरात आली तर? तिनं तुमच्या दारात येऊन विचारायचं, मी माझ्या चुलीवर काय ठेवू? कलमच नको."

"बाकीचे ऐकणार नाहीत."

"मग मी पडून राहते इथे. मला ते येतं."

हसमुखभाई दुखावले आणि खाली गेले. त्यानंतरचे महिने वाईट होते. जिन्यात बाई दिसल्या की बोलणं थांबे. दुधवाल्याला कोणीतरी सांगितलं, की त्या मजल्यावर जाऊ नकोस. एका सकाळी त्यांच्या दारात फिनेलची भरलेली बाटली ठेवलेली आढळली. बाईंनी ती उघडली, बादलीत ओतली आणि दुखऱ्या गुडघ्यानं वरपासून खालपर्यंत सगळा जिना धुऊन काढला. रिकामी बाटली तळमजल्यावर सूचनाफलकाखाली ठेवली. त्या दिवशी शुक्रवार होता. बारा वाजता खिडकी उघडली.

एकदाच त्या खचलेल्या दिसल्या. संध्याकाळी माझ्याकडे चहाला आल्या होत्या. कप हातात धरून म्हणाल्या, "सरलाबेनचा खोकला माझ्या खोलीत ऐकू येतो. रात्रभर." मग त्यांनी चहा संपवला. उठताना म्हणाल्या, "ती खोकते म्हणून मी सही करावी, असं तुला वाटतं का?" उत्तराची वाट न बघता त्यांनीच मान हलवली. "तिला कोरडं घर मिळायला माझ्या चुलीची गरज नाही. त्यांनी दोन्ही एका दोरीत बांधलंय. सोडवायचं त्यांनी."

शेवटची सभा गच्चीवरच झाली. बिल्डरनं मुदत दिली होती. केतननं सुरुवात केली. एक माणूस अकरा घरांना वेठीला धरतोय, असं तो म्हणाला. गुजरातीत म्हणाला, मग बाईंना नीट कळावं म्हणून हिंदीत म्हणाला. पस्तीस वर्षं बडोद्यात राहिलेल्या बाई म्हणाल्या, "पहिल्यांदा कळलं होतं. पुढचं बोल."

सरलाबेननी हात वर केला. त्या सभेत कधी बोलत नसत. खोकला आवरून त्यांनी सुरुवात केली, की पुरात जमनाबेननं मला टबमध्ये बसवून—

"सरलाबेन, ते नको." तांडेलबाईंचा आवाज तलावावरचा होता. "बुडणाऱ्याला काढतात. त्याच्या बदल्यात काही मागत नाहीत. मी ते इथे मागत नाहीये. मला माझं स्वयंपाकघर पाहिजे, ते माझं आहे म्हणून."

मग हसमुखभाई उभे राहिले. मसुदा त्यांच्या हातात होता. ते कलमापर्यंत आले, चष्मा नीट केला, पहिले दोन शब्द वाचले आणि थांबले. मालवणला जाण्याआधी ठरल्याप्रमाणे ते मोठ्यानं वाचून दाखवायची वेळ हीच होती. ते बाईंकडे बघत होते आणि बाई त्यांच्याकडे.

"केतन," ते शेवटी म्हणाले, "त्या गावात मी दोरी ओढली. त्यांनी मला भाग दिला. मारे नथी खावुं. पण भाग तो मारो हतो." त्यांनी कागद खाली ठेवला. "मारा थी आ नहीं वंचाय." माझ्याच्यानं हे वाचवत नाही.

"तुमच्याच्यानं नाही, तर मी वाचतो," केतन म्हणाला आणि त्यानं कागद उचलला.

तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून कदम उठले. गळा साफ केला. "एक सांगायचं आहे. आमच्याकडेसुद्धा... कधीमधी... म्हणजे रविवारी—"

"ए तो बधाने खबर छे, कदमभाई," सरलाबेन म्हणाल्या. "अगरबत्तीथी." उदबत्तीवरून सगळ्यांना ठाऊकच होतं.

पहिल्यांदा कोण हसलं ते मला दिसलं नाही. पण मग सगळी गच्ची हसली, कदमांच्या पत्नीसकट. कदम लाल झाले आणि तरीही उभेच राहिले. "तर माझं मत, कलम नको," त्यांनी पूर्ण केलं. हात वर करून मतं घेतली. बहुमतानं कलम वगळायचं ठरलं. केतनचा विरोध नोंदवला गेला, आणि तोही सही करणार होता. तांडेलबाईंनी सुधारलेला कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि सही केली. आभार मानले नाहीत. हसमुखभाईंजवळून जाताना फक्त म्हणाल्या, "हाताचे फोड गेले का?"

नवी इमारत आता उभी आहे. लिफ्ट आहे. सरलाबेन पाचव्या मजल्यावर राहतात आणि त्यांचा दमा आटोक्यात आहे. तांडेलबाईंच्या घरात त्यांची मुलगी राहायला आली आहे. बाईंनी ते घर पाहिलं नाही. इमारत बांधून होईपर्यंत त्या भावाकडे मालवणला गेल्या होत्या. तिथेच, झोपेत, गेल्या.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते जुन्या इमारतीत. पाडकाम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी मी घरमालकांना किल्ली द्यायला गेले होते. किल्लीचा काही उपयोग नव्हता. भंगारवाल्यांनी सगळ्या घरांची दारं, चौकटी, गज, काचा काढून नेल्या होत्या. बारा घरांच्या भिंतींना नुसती भोकं होती. अंगणात टेम्पोत सामान चढत होतं, आणि रस्त्यापर्यंत बांगड्याचा वास येत होता.

वर गेले. स्वयंपाकघरात फरशीवर छोटी शेगडी होती, तिच्यावर तवा. शेजारी कोकम लावलेले बांगडे, तांदळाचं पीठ आणि बाईंची बांधलेली एक बॅग. बाकी घर रिकामं. खिडकी होती तिथे आता भिंतीत भलं मोठं चौकोनी भगदाड होतं. धूर कुठेही न अडता बाहेर जात होता.

खालून केतनचा आवाज आला. तो टेम्पोवाल्याला काही सांगत होता. मग वास त्याच्यापर्यंत पोहोचला असावा. इतक्या वर्षांच्या सवयीनं त्यानं मान वर करून हाक दिली, "मासी! बारी बंध करो!"

तांडेलबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. हातात उलथनं होतं. भगदाडाशी जाऊन त्यांनी खाली पाहिलं.

"वर घेऊन ये," त्या म्हणाल्या. "खिडकी आण, बंद करते."

आणि परत येऊन त्यांनी बांगडा उलटला.